दुसऱ्या सहीची जागा

३ नोव्हेंबर

धाकटे,

घाबरू नकोस, कुणीही मेलेलं नाही. नऊ वर्षांनी ताईचं पत्र आलं की माणूस आधी शेवटची ओळ बघतो, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते.

पत्र कामाचं आहे. आपल्या इंग्रजी शब्दांच्या अर्थेतिहास-कोशाचा 'एस'चा खंड अखेर छपाईला जातोय. हो, तोच, जो तू इथे असताना 'पुढच्या वर्षी' येणार होता. नवे संचालक आलेत. आधी सिमेंटच्या कारखान्यात होते, तिथे म्हणे पोती वेळेवर बाहेर पडायची. त्यांनी फर्मान काढलंय की मेलेला म्हणून नोंदवलेल्या प्रत्येक अर्थाच्या कार्डावर ज्या दोघांच्या सह्या आहेत, त्यांनी हयात असल्यास पुन्हा एकदा स्वतःच्या हातानं सही करायची. मुदत एकतीस जानेवारी. तुझ्या सहीची एकेचाळीस कार्डं निघाली. सोबत पाठवतेय, परतीचं पाकीट तिकिटं लावून आत ठेवलंय.

नऊ वर्षांत विसरली असशील तर आठवण करून देते. अर्थ मेला की त्याच्यापुढे छोटासा क्रूस काढायचा. आपण त्याला खिळा म्हणायचो, अजूनही तेच म्हणतात. खिळ्याखाली दोन सह्या, दोघांनी आपापल्या टेबलाशी बसून, एकमेकांना न विचारता तपासून केलेल्या. बाबांचा नियम. 'मरण एकट्याच्या शब्दावर लिहायचं नाही.' बाबा संपादक होते तोवर या वाक्याला कुणी हसलं नाही. आता नवी मंडळी ते नाटकी आवाजात म्हणतात आणि चहा मागवतात.

कार्डं ओळखीचीच आहेत. 'सिली' म्हणजे सुखी, भाग्यवान: मेला. 'सॅड' म्हणजे पोटभर जेवलेला, तृप्त: मेला. 'सेल' म्हणजे नुसतं देणं, बदल्यात काही न घेता: तो तर मरणारच होता. तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. 'तृप्त'मधला 'तृ' तू अजूनही बेडकासारखा काढत असशील.

शेवटचं, एकेचाळिसावं कार्ड तेवढं जरा घाईत झालेलं आहे. डोळे मिटून सही केलीस तरी चालेल.

तुझ्या बॉयलरमिस्त्रीला नमस्कार सांग. की आता मेहुणे म्हणायचं? मेहुण्यांना म्हणावं, तुम्ही गेल्यापासून आमचं बॉयलर ठणठणीत आहे.

ताई


१९ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं उत्तर नाही. टपालखात्याला दोष देऊन पाहिला, पण ते हल्ली वेळेवर चालतं. मेल्यांना तेवढीही लाज नाही.

सह्या जुळवायला इथे एक गृहस्थ नेमलेत. टेबलावर भलंमोठं भिंग ठेवतात, म्हणून सगळे त्यांना भिंगच म्हणतात. सकाळी जिन्यात मला गाठलं.

"ताई, बहिणीची कार्डं?"

"टपालात असतील."

"कुठल्या टपालात? कबुतराच्या?"

"तुमची स्वतःची कामं झाली का भिंगराव?"

"झाली ना. म्हणून तर तुमच्या मागे आहे."

तर एकेचाळिसाव्या कार्डाबद्दल. तू ते बघितलं असशीलच, तेव्हा मीच बोलते. शब्द 'स्टार्व'. आधी त्याचा अर्थ नुसता मरणं, कशानंही. मग थंडीनं गारठून जाणं. शेवटी उपासमार तेवढी उरली. त्यातल्या मधल्या अर्थावर, थंडीवाल्यावर, मी खिळा मारला, आणि त्याखाली माझ्या सहीशेजारी जी तुझी सही आहे, ती तुझी नाही. मी केली होती. तू त्या आठवड्यात तापानं अंथरुणात होतीस, छपाईवाले दारात उभे होते. बहिणीची सही बहिणीनं केली, त्यात आभाळ कोसळण्यासारखं काय होतं? शाळेत तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच करायचे. तेव्हा तुला तत्त्वं आठवली नव्हती. उलट 'ताई, गणिताचीपण कर' म्हणाली होतीस.

थंडी पडायला लागलीय. सह्या करून पाठवून दे.

ताई


८ डिसेंबर

धाकटे,

बरं. ताप नव्हता.

छपाईवालेही दारात नव्हते. ज्या खंडाला निघायला पुढे नऊ वर्षं लागली, त्याच्यासाठी कुणी दारात उभं राहील का? हे मी मागच्या पत्रात लिहीत असतानाच माझ्या लक्षात आलं होतं, पण पान अर्धं भरलं होतं. मी आता बावन्न वर्षांची आहे. या वयात थापसुद्धा नीट मारता येत नसेल तर खरं बोललेलं परवडतं.

तो दिवस तुला आठवतो, तसाच मलाही. बॉयलर बंद पडून तिसरा दिवस होता. आपण दोघी कोट घालून कार्डं लिहीत होतो. तुझा मिस्त्री तळघरातून वर आला, पायरीवर हातातली पेटी ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "आय'म स्टार्व्ड." मी माझा डबा उघडून पाव त्याच्यापुढे सरकवला. तू उठलीस आणि तुझी खुर्ची हीटरजवळ ओढलीस. आपल्या खोलीत तो एकच छोटा विजेचा हीटर होता, आणि तो तुझ्या पायाशी असायचा.

तो बसला. हात पुढे धरले. बोटं निळी पडली होती. पाव तसाच राहिला.

मग त्यानं तुझ्याकडे पाहिलं. परक्या गावात कुणीतरी घरच्या नावानं हाक मारावी, तसं. "माझी आजी असं म्हणायची," म्हणाला. "आता घरात असं म्हणणारा मी एकटाच उरलोय. तुम्हाला कसं कळलं?"

तू म्हणालीस, "ताईनं शिकवलंय."

शिकवलं होतं खरं. त्या शब्दाचा सगळा प्रवास मला तुझ्याहून पाठ होता. पण समोरचा माणूस कुडकुडतोय हे काही मला दिसलं नाही.

तू लगेच पुराव्याचं कार्ड केलंस. बाबांचा दुसरा नियम: कुणी जिवंत माणूस, न विचारता, साध्या बोलण्यात एखादा अर्थ वापरताना आपल्या माणसानं ऐकला आणि त्याच दिवशी कार्ड केलं, तर त्या अर्थावर खिळा मारता येत नाही. विचारून मिळालेलं धरत नाहीत. विचारलं की माणसं आपल्याला आवडेल ते बोलतात. तू लिहिलंस: सकाळी अकरा वीस, दुसरा मजला, वाक्य जसंच्या तसं. बोलणारा: बॉयलरमिस्त्री, वय छत्तीस, हयात.

त्यानंतर आपलं बॉयलर दर आठवड्याला बिघडायला लागलं. इतकं नाजूक बॉयलर मी जन्मात पाहिलं नाही.

मुदत संपत आलीय, म्हणून एवढं लिहिलं. दुसरं काही नाही.

ताई


२ जानेवारी

धाकटे,

दुसरं काही आहे.

खणातून तुझं पुराव्याचं कार्ड मी काढून घेतलं. पुरावा नाही, म्हणजे अर्थ मेलेला. मग खिळा मारला, माझी सही केली आणि तुझी सही केली. तुझी जास्त मन लावून केली. 'घाईत' हे जे मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं आहे. आधी रद्दी कागदावर वीसदा गिरवली होती.

का, ते तू ती सही पाहिलीस त्याच दिवशी ओळखलंस, मला मात्र लिहायला नऊ वर्षं लागली. बाबा गेल्यावर त्या खोलीत आपण दोघीच होतो. समोरासमोर दोन टेबलं, मध्ये खणांची भिंत. मला वाटायचं, हे असंच चालेल, 'झेड' येईपर्यंत. आणि हा हातात पाना घेऊन वर आला. त्याचं कार्ड खणात राहिलं असतं तर तो कोशात राहिला असता, वय आणि धंद्यासकट, आपल्या दोघींच्या मध्ये. मला वाटलं, कार्ड काढलं की माणूसही निघून जाईल. माणूस गेला, पण तुला घेऊन.

शेवटचं बोलणं मी लिहून काढते. कुणीतरी ते कागदावर आणायला हवं.

तू कोट चढवून जिन्यात उभी होतीस. म्हणालीस, "ताई, तो मला आवडतो, म्हणून तू त्याला मेलेला लिहिलंस."

"त्याला नाही, अर्थाला."

"वर जा आणि संचालकसाहेबांना सांग, ही सही धाकटीची नाही. एवढंच कर. मी इथे थांबते."

मी वर गेले. वरच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये खिडकीपाशी दहा मिनिटं उभी राहिले. खाली सायकली मोजल्या. मग उतरून तुला म्हणाले, "सांगितलं."

तू म्हणालीस, "साहेब आज रजेवर आहेत, ताई. सकाळी फोन मीच घेतला होता."

त्यानंतर तू माझ्याशी एक अक्षर बोललेली नाहीस, आणि मी जगाला सांगत फिरले की धाकटीला एका बॉयलरवाल्यानं बिघडवलं.

तुझं पुराव्याचं कार्ड मी फेकलं नव्हतं. सोबत पाठवतेय. कडा जरा दुमडल्यात, जुन्या कोटाच्या खिशात होतं. आता ऐक. एकेचाळिसाव्या कार्डावर सही करू नकोस. आक्षेप घे. मेहुण्यांना हातमोज्यांशिवाय पाच मिनिटं दाराबाहेर उभं कर, आत आल्यावर काय म्हणतात ते ऐक आणि या कार्डावर आजची तारीख टाक. मला माहीत आहे, हे विचारण्यातच जमा होतं, पण नियमातून एवढी पळवाट बाबांनीही दिली असती. तुझा आक्षेप आला की मला वर जावंच लागेल. माझ्या एकटीच्या पायांनी ते व्हायचं नाही, हे आपण दोघींनी पाहिलंय.

मेहुण्यांना म्हणावं, तुमची थंडी आमच्या उपयोगी पडू द्या.

ताई


२१ जानेवारी

धाकटे,

तुझं पाकीट आज सकाळी आलं.

आत पत्र आहे का म्हणून मी ते उलटं करून झटकलं, मग फाडून सपाट केलं. पत्र नव्हतं. कार्डं वर्णानुक्रमे लावलेली, वर रबरबँड. चाळीस कार्डांवर तुझ्या सह्या. एकेचाळिसाव्यावरही, माझ्या खिळ्याखाली, मी केलेल्या सहीच्या शेजारी. मला वाटलं, रागानं केलीस. वाटलं, आता तिला या कशाचंच काही उरलेलं नाही. हे दोन्ही विचार करून मी मनाशी थोडी चिडलेसुद्धा, हे लपवत नाही.

मग सगळ्यात खालचं, पुराव्याचं कार्ड पाहिलं. 'बोलणारा: बॉयलरमिस्त्री, वय छत्तीस, हयात.' त्यातल्या 'हयात'वर तू एक रेघ मारली आहेस. पट्टी लावून. वर 'मयत', आणि तारीख. चार वर्षांपूर्वीचा अकरा मार्च. खाली 'नोंद बदलणारा' या जागी तुझी सही.

पहिल्या पत्राची पहिली ओळ मी परत घेते.

चार वर्षं. आणि मी लिहितेय, नमस्कार सांग. मी लिहितेय, दाराबाहेर उभं कर. तू ती पत्रं एकेक करून वाचली असशील, टेबलाशी बसून, आणि घडी घालून ठेवली असशील. तू कधीच काही टाकून देत नाहीस.

ऑफिसच्या डायरीत मी तो अकरा मार्च काढून पाहिला. माझ्या अक्षरात लिहिलंय: 'एस'मधले सतरा अर्थ निकाली, नेहमीप्रमाणे दोन-दोन सह्या. दुपारी सगळ्यांना चहा.

आता मी वर जातेय. साहेब आहेत, फोन करून विचारलंय.

ताई


६ फेब्रुवारी

धाकटे,

सांगितलं. या वेळी खरंच.

तुला कळावं म्हणून लिहिते, शाबासकीसाठी नाही. हे वरातीमागून घोडं आहे, आणि घोडंही म्हातारं.

मी कार्डं घेऊन पोचले तर संचालकांच्या खोलीत भिंग आधीच बसलेले. त्यांनी ती तिथेच माझ्या हातून घेतली, टेबलावर पसरली, एकेका सहीवर वाकले आणि मान हलवली.

"साहेब, या सह्या जुळत नाहीत. ही बाई दुसरीच कुणीतरी आहे."

"नमुना कोणता धरलात?" मी विचारलं.

"हा." त्यांनी एकेचाळिसावं कार्ड वर धरलं. "नऊ वर्षांपूर्वीची सगळ्यात स्वच्छ सही ही. वळण बघा. आणि आत्ताच्या बघा, कशा कलंडल्यात."

खरंच कलंडल्या आहेत गं. मीही नीट पाहिल्या. शेवटची वेलांटी तू पूर्वी वर न्यायचीस, आता ती खालीच येते.

मी म्हणाले, "तुमचा नमुना खोटा आहे. ती सही मी केलीय. ज्या जुळत नाहीत त्या तिच्या."

संचालकांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं: कार्ड काढलं, खिळा मारला, सही केली, बाबांचा नियम मोडला. न थांबता सांगितलं.

"एक मिनिट," ते म्हणाले. "हा जो काही थंडीचा अर्थ आहे, तो आज जिवंत आहे की मेलेला?"

"आपल्याकडे एकच पुरावा होता. तो माणूस गेला."

"म्हणजे मेलेला."

"कुठल्यातरी डोंगरात चार म्हाताऱ्या बोलतही असतील..."

"आपल्या कार्डावर आहेत का त्या?"

"नाहीत."

"म्हणजे मेलेला. आणि बहिणीची खरी सही आता आलीय?"

"आलीय."

"मग बाई, तक्रार नक्की काय आहे?"

भिंग मदतीला आले. "साहेब, यांनी नऊ वर्षं आधी मारला एवढंच. पण खंड तरी कुठे निघाला होता तेव्हा!" दोघे हसले. चांगली माणसं आहेत, हसणं वाईट नव्हतं.

"मला काढून टाका," मी म्हणाले.

"छपाईच्या तोंडावर? डोकं फिरलंय का तुमचं? बसा, चहा घ्या."

मी चहा घेतला. हेही लिहायला हवं. कोशात एका अक्षराचाही फरक पडलेला नाही. जे मी खोटं लिहिलं होतं, तेच तसंच्या तसं खरं होऊन छापायला गेलं. मुदत एकतीसची होती, उद्या सात तारखेला शेवटचे गठ्ठे निघतील. पोत्यांसारखे.

तुझं पुराव्याचं कार्ड माझ्यासमोर आहे. 'नोंद बदलणारा'च्या खाली आणखी एक जागा असते, 'पडताळणारा'. भिंग संध्याकाळी येऊन म्हणाले, "ताई, तेवढी सही टाकून फाइल करा ना. एक रेघ ओढायला किती वेळ लागतो?"

मला फार वेळ लागत नाही, हे तुला माहीत आहे. पेनाचं टोपण काढलं होतं. पण पडताळणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे. मी काय पाहिलंय? तो आजारी होता की एकाएकी गेला, किती दिवस पडून होता, तुझ्यासोबत खोलीत दुसरं कुणी होतं की तू एकटीच. त्याची खुर्ची कशाजवळ ओढलेली होती. 'मरण एकट्याच्या शब्दावर लिहायचं नाही.' तू ते एकटीनं लिहिलंस. चार वर्षं ते एकाच सहीवर उभं आहे, आणि दुसऱ्या सहीचा हक्क मी पॅसेजमध्ये सायकली मोजत असताना घालवला.

पेनाला टोपण लावलं. जागा कोरी ठेवलीय. कार्ड उद्याच्या गठ्ठ्यात गेलं नाही, माझ्या खणात आहे, कोटाच्या खिशात नाही.

तो शेवटी काय म्हणाला, हे मनात येतं. विचारत नाही. विचारून मिळालेलं आपल्याकडे धरत नाहीत.

ताई